तुमच्याच भल्यासाठी

दिल्लीतल्या मोठ्या हॉटेलांत २००६ सालापर्यंत एक अजब नियम होता. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली मुलगी रिसेप्शनवर बसू शकायची, हिशेब पाहू शकायची, स्वयंपाकघरात शेफ होऊ शकायची. पण जिथे गिऱ्हाइकं दारू पितात त्या जागेत तिला नोकरीवर ठेवायला बंदी होती. नियम होता १९१४ सालच्या पंजाब अबकारी कायद्याच्या कलम ३० मधला. हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. त्यात दोघांना मनाई होती: पंचवीस वर्षांखालच्या पुरुषाला आणि कुठल्याही वयाच्या बाईला. पुरुष पंचविशीत शहाणा होतो, बाई पन्नाशीतही होत नाही, असा त्या कलमाचा हिशेब. हॉटेलमालकांची संघटना कोर्टात गेली आणि १२ जानेवारी २००६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने बायकांवरची ही बंदी रद्द केली. दिल्ली सरकारने निकाल मान्य केला. मान्य झाला नाही तो दिल्लीतल्या काही नागरिकांना. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. दारूच्या धंद्यावर सरकार हवे ते निर्बंध घालू शकतं आणि अशा जागी बाईच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहेच, असा त्यांचा युक्तिवाद. ६ डिसेंबर २००७ रोजी न्या. एस. बी. सिन्हा आणि न्या. हरजित सिंग बेदी यांनी त्यांचं अपील फेटाळलं. ‘अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया’ या नावाने हा निकाल आज प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवला जातो.

निकालात न्यायालयाने या नियमामागच्या वृत्तीला नाव दिलं: रोमँटिक पॅटर्नलिझम. हे शब्द अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या १९७३ सालच्या फ्राँटिएरो खटल्यातून आलेले. हवाई दलातल्या एका महिला अधिकाऱ्याला नवऱ्यासाठी घरभत्ता आणि वैद्यकीय सोयी हव्या होत्या. पुरुष अधिकाऱ्याला बायकोसाठी त्या आपोआप मिळत, तिला मात्र नवरा आपल्यावर अवलंबून आहे हे सिद्ध करावं लागत होतं. त्या वेळी न्या. ब्रेनन यांनी लिहिलं होतं की बाईला देव्हाऱ्यात बसवल्याचा आव आणणारी ही वृत्ती तिला प्रत्यक्षात पिंजऱ्यात बसवते. दिल्लीच्या निकालाचा गाभा त्याहून व्यवहारी आहे. बाईला धोका असेल तर धोका दूर करणं हे सरकारचं काम आहे. धोक्याच्या जागेवरून बाईलाच दूर करणं हे त्या कामाला पर्याय होऊ शकत नाही.

मराठीत पॅटर्नलिझमसाठी पितृवाद, पालकवाद असे शब्द कोशात सापडतात, बोलण्यात मात्र कुणी वापरत नाही. मी पुढे ‘पालकशाही’ म्हणेन. पितृसत्ता ही वेगळी गोष्ट. पुरुषांच्या हाती सत्ता एकवटलेली व्यवस्था म्हणजे पितृसत्ता. समोरच्या सज्ञान माणसाचं हित त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं मानून त्याच्या वतीने निर्णय घेणं ही पालकशाही. बारच्या कलमात दोन्ही होत्या, पण नेहमी तसं नसतं. हेल्मेटची सक्ती ही पालकशाही आहे, पितृसत्ता नव्हे. सासूही पालकशाही करू शकते, सुनेच्या भल्यासाठी.

अमेरिकी तत्त्वज्ञ जेराल्ड ड्वर्किन यांनी १९७२ साली ‘पॅटर्नलिझम’ याच नावाचा निबंध लिहिला. माणसाच्या वागण्याच्या स्वातंत्र्यात, त्याच्याच हिताचं कारण देऊन केलेला हस्तक्षेप, अशी काहीशी त्यांची व्याख्या. तिच्यातलं ‘त्याच्याच’ महत्त्वाचं, कारण हा शब्द हल्ली कुठल्याही सरकारी बंदीला चिकटवतात. लाल सिग्नलला थांबवणं ही पालकशाही नाही. तुम्ही न थांबल्यास दुसरा मरतो. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करायला बंदी आली, तीही मुख्यतः शेजारी बसलेल्याच्या फुफ्फुसांसाठी. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने ई-सिगारेटची विक्री, उत्पादन, आयात असं सगळंच बंद केलं. ते मात्र ओढणाऱ्याच्याच भल्यासाठी, आणि तेही साधी सिगारेट प्रत्येक पानटपरीवर मिळत असताना. तिथे हा शब्द चपखल बसतो.

लहान मुलाच्या बाबतीत तो मुळीच बसत नाही. पाच वर्षांच्या पोराला स्टोव्हपासून ओढून घेणं हे पालकत्वच. तीच वागणूक तिशीतल्या माणसाला मिळते तेव्हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नावर सर्वांत जास्त ज्याचं नाव घेतात तो जॉन स्टुअर्ट मिल आपल्याला परका नाही. १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षं तो लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर होता. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न ठेवता हिंदुस्थानच्या कारभाराचे खलिते लिहिणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. कंपनीचं राज्य गेलं, तो निवृत्त झाला, आणि पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, त्याचं ‘ऑन लिबर्टी’ आलं. माणसाचं स्वतःचं हित, शारीरिक असो वा नैतिक, हे त्याच्यावर जबरदस्ती करायला पुरेसं कारण नाही. दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजाने आडवं यावं, हे त्याचं म्हणणं जगभर गाजलं. गाजलं नाही ते त्याच पानांवरचं पुढचं कलम. हा सिद्धान्त मुलांना लागू नाही आणि ‘मागासलेल्या’ समाजांनाही लागू नाही, असं मिलने तिथेच लिहून ठेवलं आहे. अशा लोकांनी एखादा अकबर किंवा शार्लमेन मिळाला तर त्याची आज्ञा पाळावी, एवढंच त्यांच्या नशिबी. स्वातंत्र्याचा एवढा मोठा वकील, पण ज्यांच्या कारभारावर त्याचं घर चाललं त्यांना त्याने अज्ञान बालकांच्या रांगेत बसवलं. पालकशाहीचा खरा निर्णय इथेच लपलेला असतो: सज्ञान कोण, हे ठरवायचं कुणी?

आजच्या राजधानी परिसरात हा निर्णय मेट्रोच्या स्टेशनागणिक बदलतो. दिल्लीत दारू विकत घ्यायचं किमान वय पंचवीस. २००९ च्या दिल्ली अबकारी कायद्यातही ते कायम राहिलं. नोएडात, म्हणजे उत्तर प्रदेशात, एकवीस. हरियाणानेही काही वर्षांपूर्वी पंचविसाचं एकवीस केलं, त्यामुळे गुरुग्रामातही एकवीस. बावीस वर्षांचा मुलगा यलो लाइनने दक्षिणेकडे निघाला की हद्द ओलांडताच अचानक समजूतदार होतो आणि परतताना पुन्हा अल्लड. दिल्ली सरकारने २०२१ च्या नव्या धोरणात वय खाली आणायचं जाहीर केलं होतं, ते झालं नाही. पुढे ते धोरणच बारगळलं. अठराव्या वर्षी मत देता येतं, एकविसाव्या वर्षी लग्न करता येतं, पण दिल्लीत बिअरची बाटली घ्यायचं वय आणि आमदारकीचा अर्ज भरायचं वय एकच. महाराष्ट्राने आणखी बारकावा साधला आहे: सौम्य दारूला एकवीस, कडक दारूला पंचवीस, आणि वर परवाना, जो कागदोपत्री प्रकृतीच्या रक्षणासाठी दिला जातो! १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं हे शेपूट किती जण पाळतात ते वाचकांनीच आपापल्या मनाशी ठरवावं.

वयाची अट निदान सर्वांना सारखी असते आणि चार वर्षांनी आपोआप सुटते. हेल्मेटचंही तसंच. पुणेकरांना हे सांगायला नको; तिथे हेल्मेटसक्तीविरोधात समित्या झाल्या, मोर्चे निघाले, आणि डोकं आमचं आहे हा मुद्दा त्यांनी मिलपेक्षा कमी शब्दांत मांडला. मी स्वतः सक्तीच्या बाजूचा आहे. मेंदूला मार लागलेल्या माणसाचा पुढचा वीस वर्षांचा भार कुटुंब आणि सरकारी दवाखाना वाहतात, हे एक कारण. दुसरं, हेल्मेट घातल्याने माणसाला जायचं तिथे जाता येतं. त्याचं ध्येय आपण बदलत नाही, फक्त वाटेत एक गैरसोय घालतो.

दिल्लीत या नियमाची जी तऱ्हा झाली ती मात्र कुठल्याच तत्त्वज्ञाला सुचली नसती. १९९९ साली नियमात दुरुस्ती करून बायकांना हेल्मेट ऐच्छिक केलं गेलं. शीख महिलांच्या धार्मिक भावनांचा प्रश्न होता. पगडी घालणाऱ्या शीख पुरुषांना मोटार वाहन कायद्यातच सूट आहे. त्याच धर्तीवर शीख बायकांनाही ती हवी होती. पण बाई शीख आहे की नाही हे पोलिसाने रस्त्यावर कसं ओळखायचं? म्हणून सरसकट सगळ्याच बायकांना सूट. ऑगस्ट २०१४ मध्ये पुन्हा बदल झाला आणि शीख महिला सोडून बाकी सर्वांना सक्ती आली. या तारखा बारच्या खटल्याशेजारी ठेवून पाहा. २००० साली दिल्लीत बाईला बारमध्ये नोकरी करायला बंदी होती, कारण तिच्या सुरक्षिततेची काळजी. आणि स्कूटरच्या मागे उघड्या डोक्याने बसायला मुभा होती, जिथे जीव जाण्याचा धोका डोळ्यांना दिसत होता. सुरक्षिततेची काळजी हे खरं कारण असतं तर दोन्ही नियम नेमके उलटे असते.

म्हणून मला पालकशाहीबद्दल हेतूची चर्चा निष्फळ वाटते. हेतू सगळ्यांचेच चांगले असतात. पाहायचं ते हे, की भलं करण्याची किंमत कुणाकडून वसूल होते.

मार्च २०१२ मध्ये गुडगावात पबमध्ये काम करणाऱ्या एका तरुणीचं अपहरण होऊन तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. जिल्हा प्रशासनाने तातडीने पाऊल उचललं: मॉल, पब, दुकानांनी कामगार खात्याच्या परवानगीशिवाय बायकांना रात्री आठनंतर कामावर ठेवू नये. गुन्हा केला पुरुषांनी, रस्ता असुरक्षित ठेवला यंत्रणेने, आणि पगार बुडायची वेळ आली ती बाईवर. प्रशासनाच्या हाती त्यासाठी कायदाही तयार होता. हरियाणाला लागू असलेल्या पंजाबच्या १९५८ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बायकांच्या रात्रपाळीला बंदीच होती. दिल्लीच्या १९५४ च्या कायद्याचं कलम १४ तेव्हा तसंच होतं: उन्हाळ्यात रात्री नऊ ते सकाळी सात, हिवाळ्यात आठ ते आठ, या वेळात ‘अल्पवयीन व्यक्ती किंवा स्त्री’ हिला कामावर ठेवू नये. कुणाला कुणाच्या शेजारी बसवलं होतं पाहा.

हॉस्टेलांची गोष्ट याच वळणाची. दिल्लीत शिकायला आलेल्या मुलींना संध्याकाळच्या ठरावीक वेळी आत यावं लागे, आणि मुलांच्या हॉस्टेलांना तेवढी कडक वेळ नसे. ऑगस्ट २०१५ मध्ये जामिया मिलिया इस्लामियाने मुलींना महिन्यातून ठरावीक दिवस मिळणारी उशिरा येण्याची सवलत काढून घेतली, दिल्ली महिला आयोगाने विद्यापीठाकडे खुलासा मागितला, आणि त्यातून ‘पिंजरा तोड’ ही विद्यार्थिनींची चळवळ उभी राहिली. त्यांचे मुद्दे ऐकण्यासारखे होते. ग्रंथालय रात्री उघडं असतं, मग ते कुणासाठी? हॉस्टेलचं फाटक साडेसातला बंद झालं तर सात पन्नासला पोहोचलेली मुलगी सुरक्षित कुठे असते, आत की रस्त्यावर? विद्यापीठ अनुदान आयोगाने आधीच स्पष्ट केलं होतं की सुरक्षेचं कारण दाखवून मुलींच्या वसतिगृहांवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादू नयेत. वॉर्डनबाईंची बाजूही आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही: काही बरंवाईट झालं तर गावाकडचे आईबाप पहिला फोन त्यांनाच करतात. पण मग खरं सांगावं की हा नियम मुलीच्या भल्यासाठी नाही, संस्थेच्या डोक्याला ताप नको म्हणून आहे. पालकशाहीचा निम्मा कारभार हा असाच असतो.

याच शहरात दुसरी रीतही दिसते. २ ऑक्टोबर २०१० पासून दिल्ली मेट्रोचा पहिला डबा बायकांसाठी राखीव आहे. तिथे बसायची सक्ती नाही. बाकीच्या कुठल्याही डब्यात चढता येतं. कुणाचा मार्ग बंद झाला नाही, एक जादा मार्ग उघडला. यावर तक्रार करणारे पुरुष भेटतात, पण त्याला पालकशाही म्हणता येणार नाही.

महाराष्ट्राकडे वळलं तर सर्वांत मोठा धडा डान्सबारचा. २००५ साली गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमधला नाच बंद झाला. सांगितलेली कारणं दोन: तरुण पिढी बिघडते, आणि नाचणाऱ्या बायकांचं शोषण होतं, त्यांची प्रतिष्ठा जाते. पाटलांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही; गावोगावच्या आयाबहिणी त्यांना दुवा देत होत्या. पण ज्यांच्या प्रतिष्ठेसाठी हे झालं त्या बायका वर्षा काळे यांच्या नेतृत्वाखाली संघटना करून बंदीच्या विरोधात रस्त्यावर उतरल्या होत्या. शिवाय कायद्याने तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली होती. तिथे नाचल्याने प्रतिष्ठा जात नसावी. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. पंचाहत्तर हजारांहून अधिक बायकांचा रोजगार गेला, त्यांतल्या अनेकींना वेश्याव्यवसायाकडे वळावं लागलं, आजारापेक्षा उपाय भारी पडला, अशी त्या निकालाची नोंद. राज्य सरकारने २०१४ आणि २०१६ मध्ये वेगळ्या रूपात पुन्हा कायदे केले. १७ जानेवारी २०१९ च्या निकालाने त्यांतल्या अनेक अटी गळल्या. चौदा वर्षांत एवढे कायदे झाले, पण नाचणाऱ्या बाईला दुसरं काम, कर्ज, मुलांची शाळा यांची धड सोय झाली नाही.

मुंबईचा आणखी एक कायदा दिल्लीने उसना घेतला होता. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा दिल्लीलाही लागू करण्यात आला. भीक मागताना सापडलेल्याला एक ते तीन वर्षं ‘प्रमाणित संस्थेत’ ठेवायचं, पुनर्वसनासाठी. कैद नव्हे, काळजी. भिंती मात्र तेवढ्याच उंच, आणि पुन्हा पुन्हा सापडला तर मुक्काम दहा वर्षांपर्यंत. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरती या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. राज्य जर जगण्याची किमान साधनं पुरवू शकत नसेल तर त्यासाठी हात पसरणाऱ्याला ते गुन्हेगार कसं ठरवतं, असा न्यायालयाचा सवाल होता. महाराष्ट्रात तो कायदा त्यानंतरही चालू राहिला.

‘मायबाप सरकार’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे अर्जाच्या मायन्यातून आला असला तरी त्याला कायद्याची लॅटिन पदवीही आहे: पॅरेन्स पॅट्रिए, देशाचा पालक. अज्ञान, असहाय माणसाच्या वतीने राज्याने उभं राहावं, हे तत्त्व मुळात चांगलं. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८५ च्या कायद्याने केंद्र सरकार सर्व वायुपीडितांचं पालक झालं आणि युनियन कार्बाइडशी भांडण्याचा हक्क फक्त स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, सुरुवातीची मागणी ३०० कोटींहून जास्त होती. पीडितांना कुणी विचारलं नाही. पाल्याला कोण विचारतं? हेच तत्त्व २०१७ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका चोवीस वर्षांच्या, शिकलेल्या, न्यायालयासमोर स्वतःचं म्हणणं स्पष्ट मांडणाऱ्या मुलीला लावलं, तिचं लग्न रद्द ठरवलं आणि तिला वडिलांच्या ताब्यात दिलं. ८ मार्च २०१८ रोजी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. सज्ञान व्यक्तीने कुणाशी लग्न करावं हा पालकत्वाचा विषयच नाही, असा त्याचा मथितार्थ.

गरिबांच्या बाबतीत पालकशाही बोलण्यातही लपत नाही. ‘रोख पैसे दिले तर पितील’ हे वाक्य दिल्लीच्या दिवाणखान्यांत मी भरपूर ऐकलं आहे, बहुतेक वेळा हातात ग्लास असलेल्यांकडून. २०११ साली पश्चिम दिल्लीच्या रघुबीर नगरात ‘सेवा’ संस्थेने सरकारच्या साथीने एक छोटा प्रयोग केला. काही कुटुंबांना रेशनऐवजी महिन्याला एक हजार रुपये दिले. दारूवरचा खर्च वाढल्याचं त्यात आढळलं नाही. यावरून रेशन बंद करा असं मी म्हणणार नाही. कित्येक बायका स्वतःच सांगतात की धान्य घरात टिकतं, पैसा नवऱ्याच्या हाती जातो. महागाईत हजाराची किंमत घटते, गव्हाची नाही. धान्य की रोकड यावर प्रामाणिक मतभेद आहेत. पण ‘मला धान्य हवं’ असं बाईने म्हणणं आणि ‘तिला धान्यच द्या’ असं तिच्यावतीने दुसऱ्याने म्हणणं, यांत फरक आहे.

सगळीच पालकशाही वाईट, असं मानणाऱ्यांनी आपली भविष्य निर्वाह निधीची पावती काढून पाहावी. १९५२ च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेत पगारातले बारा टक्के न विचारता कापले जातात, आणि साठीच्या उंबरठ्यावर बहुतेक जण त्या सक्तीला नावं ठेवत नाहीत. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांनी याहून मवाळ वाट सुचवली: सक्ती न करता निवडीची मांडणी अशी करायची की आळशी माणूसही हिताच्या बाजूला पडेल. बचत योजनेत नाव आधीच घातलेलं, नको असेल त्याने काढावं. त्यांचं ‘नज’ हे पुस्तक २००८ साली आलं, थेलर यांना २०१७ चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला. सरकारांना ही कल्पना फार आवडली. स्वस्त पडते. मला तिच्यात एक खोट दिसते: ढकलणारा हात दिसतच नसेल तर माणूस नको तरी कसं म्हणणार?

मिलनेच दिलेलं एक उदाहरण इथे कामी येतं. पूल मोडलेला आहे, पलीकडून येणाऱ्याला ते ठाऊक नाही आणि सांगायला वेळ नाही. त्याला धरून मागे ओढा. त्याला नदीत पडायचं नव्हतंच. पण धोका नुसता संभाव्य असेल आणि वेळ असेल, तर त्याला सांगा आणि जाऊ द्या. अमेरिकी तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी पुढे यालाच मृदू आणि कठोर पालकशाही अशी नावं दिली. अजाण माणसाला थांबवणं मृदू. जाणत्याला, त्याने सगळं समजून घेतल्यावरही, थांबवणं कठोर.

आपण हा फरक सर्वांत जास्त विसरतो ते घरात. सत्तरीच्या वडिलांचं एटीएम कार्ड ‘फसवणूक होते हो’ म्हणून मुलगा स्वतःकडे ठेवतो. आईची गाठ कर्करोगाची निघाली तर रिपोर्ट आधी मुलाला, मग सुनेला, मग अमेरिकेतल्या मुलीला. आईला सांगायचं की साधी सूज आहे. डॉक्टरही नातेवाइकांना केबिनमध्ये बोलावतात आणि पेशंट बाहेर बाकावर बसलेला असतो. यामागे प्रेम असतं, खरंच असतं. पण उरलेल्या सहा महिन्यांत तिला कुणाला भेटायचं होतं, कुठल्या कागदावर सही करायची होती, हे ठरवायची संधी त्या प्रेमाने काढून घेतलेली असते.

१९९५ साली दिल्लीत चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित महिला अतिरक्तस्रावाची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेली. संमती दिली ती लॅपरोस्कोपीने तपासणीसाठी. ती भुलीखाली असताना डॉक्टरांना दिसलं त्यावरून त्यांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची परवानगी घेतली आणि गर्भाशय व अंडाशय काढून टाकले. वैद्यकीयदृष्ट्या तो उपचार योग्य होता, त्यात रुग्णाचं हित होतं, पुन्हा भूल द्यायची वेळ टळली, असा बचाव झाला. राष्ट्रीय ग्राहक आयोगात ती हरली. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, तो न्या. आर. व्ही. रवींद्रन यांनी लिहिला. रुग्ण सज्ञान होती, थोड्या वेळात शुद्धीवर येणार होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता. अशा वेळी आईची संमती ही संमतीच नव्हे. तपासणीला दिलेला होकार शस्त्रक्रियेला चालत नाही. भरपाई किती? डॉक्टरांनी फी सोडायची आणि वर पंचवीस हजार रुपये. रक्कम क्षुल्लक आहे, पण भारतातल्या प्रत्येक रुग्णालयातलं संमतीपत्र आज या निकालाच्या सावलीत लिहिलं जातं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर आणखी पुढची मजल मारली. मानसिक आजार असलेल्या माणसालाही निर्णयक्षमता आहे असं आधी गृहीत धरायचं, आणि त्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून ती नाही असं म्हणायचं नाही.

कायदा एवढा पुढे गेला तरी वॉर्डातली रीत जुनीच आहे. संमतीपत्र पेशंटच्या अंगावरून नातेवाइकाकडे जातं आणि नातेवाईक न वाचता सही करतो. तुमच्या घरी अशी वेळ आली आणि पेशंट शुद्धीवर, जाणता असेल, तर तो कागद त्याला वाचून दाखवा, त्याचे प्रश्न डॉक्टरांना विचारू द्या, आणि पेन त्याच्याच हातात द्या.